सुट्टीत ज्यांचं घर बंद असतं: आपल्या ख्रिस्ती कॉलेजच्या विश्वस्तांना खुलं पत्र

माननीय अध्यक्ष, विश्वस्त मंडळाचे सर्व सभासद, प्राचार्य सर आणि वसतिगृह समितीचे रेव्हरंड साहेब यांस,

सलाम.

मी मूळची रामराम म्हणणाऱ्या घरातली. सलाम करायची रीत शिकले ती आपल्या लेडीज हॉस्टेलवर, पहिल्याच आठवड्यात. ख्रिस्ती मुली बाईंना सलाम करायच्या, मग आम्ही बाकीच्याही करायला लागलो. गावी गेल्यावर तोंडून चुकून सलाम निघाला की आजी म्हणायची, "पोरगी बाटली का काय!" बाटले नाही. बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले आणि आज एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. 2005 ते 2008 ही तीन वर्षं मी खोली नंबर 31 मध्ये काढली.

हे पत्र उघड लिहायची मला हौस नव्हती. जानेवारीत रीतसर अर्ज दिला, आवक क्रमांक टाकून पोच घेतली. मार्चमध्ये दोन ओळींचं उत्तर आलं की अर्ज समितीपुढे ठेवण्यात येईल. समिती कधी बसते ते विचारायला रजा टाकून दोनदा आले, दोन्ही वेळा साहेब मीटिंगमध्ये होते. कॉलेजचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना लिहिलंय त्यांना ते कळेल. बाकीच्यांना ते कळून उपयोग नाही, कारण जे आपल्याकडे होतं ते आणखीही बऱ्याच ठिकाणी होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे: दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्टीत लेडीज हॉस्टेलला कुलूप लावू नका. लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण या एका गोष्टीसाठी पत्र लिहिलंय.

यंदा जूनमध्ये भाचीच्या दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशासाठी कॉलेजात आले होते. कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर विद्यार्थी साहाय्य केंद्राचं नवं माहितीपत्रक लावलेलं होतं. कागद गुळगुळीत, हसऱ्या मुलींचा फोटो, खाली चौकोनी कोड. तो मोबाईलने टिपला की तक्रार नोंदवता येते, समुपदेशनाची वेळ घेता येते, मन प्रसन्न ठेवण्याचे उपाय वाचता येतात. छान आहे, मी नावं ठेवत नाही. आमच्या वेळी यातलं काहीच नव्हतं. पण त्याच फळ्यावर, जरा खाली, वसतिगृहाची नियमावली होती, आणि तिच्यात लिहिलं होतं की दीर्घ सुट्टीत वसतिगृह व भोजनालय सुरक्षेच्या कारणास्तव पूर्णपणे बंद राहील, विद्यार्थिनींनी शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी दुपारी 12 वाजेपर्यंत खोल्या रिकाम्या कराव्यात. दोन कागदांमध्ये वीतभर अंतर होतं. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. शेवटी शिपाई मामांनी विचारलं, बाई, काही हरवलं का?

तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक असेलच, तरी सांगते. मी बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातली. आमच्याकडे दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या हलायला लागतात. मुकादमाकडून, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराकडून, आगाऊ उचल घेतलेली असते, ती आता एका कोयत्याला लाखाच्या घरात जाते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी, गोधड्या, कोंबड्या, लहान पोरं भरायची आणि सांगली, कोल्हापूर नाहीतर थेट कर्नाटक गाठायचं. परत यायचं गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलला. सहा महिने घराला कुलूप. पाठीमागे उरतात म्हातारी माणसं, आणि ज्या घरात म्हातारं माणूस नाही तिथे काहीच उरत नाही. शाळेतल्या पोरांसाठी गावात हंगामी वसतिगृहं चालतात. सरकारने संत भगवानबाबांच्या नावाने 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची योजनाही काढली. पण पदवीला शिकणारी मुलगी जिल्ह्याच्या गावी जिथे राहते तिथे तिचं घर एकच असतं, ते म्हणजे तुमचं हॉस्टेल. आणि तुमची दिवाळीची सुट्टी नेमकी त्या दिवसांत पडते, ज्या दिवसांत तिच्या घराला नुकतंच कुलूप लागलेलं असतं.

2005 च्या दिवाळीत मला हे कळत नव्हतं अशातला भाग नाही. सांगायची लाज वाटत होती. बाकीच्या मुलींचे वडील, भाऊ घ्यायला येत होते. माझी पत्र्याची पेटी आणि वळकटी घेऊन मी गेटजवळच्या गुलमोहराखाली बसले होते. पेटीवर मामांनी पांढऱ्या रंगाने माझं नाव लिहून दिलं होतं, त्यातला एक काना पुसला गेला होता, तो मी नखाने आणखी खरवडत होते. कुणी विचारलं की म्हणायचे, भाऊ येतोय. मला भाऊ नाही. आई-दादा कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कारखान्यावर होते. कारखान्याचं नाव माहीत होतं, पण टोळी कोणत्या शिवारात पडलीय ते माहीत नव्हतं, फोन तर कुणाकडेच नव्हता. एस.टी.चे पैसे होते. कुठलं तिकीट काढायचं ते माहीत नव्हतं.

संध्याकाळी साडेपाचला रेक्टर बाई गेट लावायला आल्या. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. माझ्या पेटीची एक कडी धरली आणि म्हणाल्या, "दुसरी कडी धर, मला एकटीला उचलत नाही."

त्यांच्या क्वार्टरमध्ये मी एकोणीस दिवस राहिले. स्वयंपाकघरात ओट्याखाली अंथरूण घालायचे. सकाळी पाणी भरायचे, दुपारी त्या वाचायला बसवायच्या. मराठी माध्यमातून आलेली मी. भौतिकशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकाचं पान दिवसाला एक या गतीने सरकत होतं. बाईंचा विषय इतिहास. तरी शब्दकोश घेऊन त्या माझ्याबरोबर बसत आणि म्हणत, अर्थ तू सांग, मला यातलं काही कळत नाही. पुढे शिक्षिका झाल्यावर कळलं की शिकवण्याची याहून चांगली रीत नाही. मेसचे मामा सुट्टीवर जाताना पाच किलो तांदूळ आणि तिखटाची पुडी ठेवून गेले होते, ते हिशेबात कुठे दाखवलं देव जाणे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बाईंनी दाराशी पणती लावली. ख्रिस्ती घर, समोर चॅपेल. "तुझ्या आईने लावली असती ना, मग लाव," म्हणाल्या. आईने त्या दिवशी पणती लावली नव्हती. पाचटाच्या कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, दिवा उघडा ठेवत नाहीत.

पुढच्या वर्षी आम्ही पाच जणी उरलो, तिसऱ्या वर्षी नऊ. स्वतःला आम्ही "उरलेल्या" म्हणायचो. बाईंनी तेव्हाच्या मंडळाकडून तोंडी परवानगी काढली. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाक आमचा आम्ही करायचा, रात्री बाई स्वतः येऊन कडी बघायच्या. कागद नव्हता, ठराव नव्हता. आता वाटतं, चूक तिथेच झाली. बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्याबरोबर ती कडी बघायची रीतही गेली.

नाताळाच्या नाटकाचंही सांगते, कारण ते आठवून अजून हसू येतं. दुसऱ्या वर्षी मला धर्मशाळेच्या मालकाचं काम दिलं होतं. एकच वाक्य. येशूचे आई-वडील होणारे योसेफ आणि मरिया आसरा मागत दाराशी येतात आणि मी डोक्याला मुंडासं बांधून म्हणते, "जागा नाही." तालमीत मी ते इतक्या ठसक्यात म्हणायचे की मरिया झालेली माझी रूम पार्टनर फिसकन हसायची. बाई म्हणाल्या, "एवढं रागावून नको. त्याला खरंच जागा नव्हती गं." नाटक झालं, केक वाटला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर नाताळच्या सुट्टीची नोटीस लागली.

आता गेल्या दिवाळीचं. भाची पहिल्या वर्षाला होती. माझ्याकडे येऊ शकली असती, पण त्याच आठवड्यात माझ्या सासूबाईंचं ऑपरेशन होतं, मी दवाखान्यात होते, आणि पोरीने मला कळवलंच नाही. मावशीला कशाला त्रास, म्हणाली. कारखान्याचा पत्ता मोबाईलवर होता, तेवढी प्रगती झालीय. ती गेली थेट फडावर, म्हणजे ऊसतोड चाललेल्या रानात. आता फडावर रिकामी बसणारी अठरा वर्षांची मुलगी नसते. पहिल्या दिवशी स्वयंपाक, दुसऱ्या दिवशी मोळ्या बांधणं, तिसऱ्या दिवशी आईच्या पाठीत उसण भरली म्हणून हातात कोयता. गाडी भरायला रात्री दोनला उठायचं. परत आली तेव्हा उसाच्या पात्यांनी दोन्ही हात कोपरापर्यंत चिरलेले, आणि कॉलेज उघडून पाच दिवस झालेले. त्या पाच दिवसांत दोन अंतर्गत परीक्षा झाल्या होत्या, त्यात ती गैरहजर.

"खाडा" हा शब्द तुम्हाला मेसमुळे माहीत असेल. मेसमध्ये चार दिवस जेवलो नाही की खाडा धरतात आणि तेवढे पैसे बिलातून वजा होतात. फडावरही खाडा असतो. तिथे एक दिवस कामाला गेलं नाही की मुकादम उलट पैसे कापतो, कुठे 500, कुठे जास्त. 2024 च्या करारात टनाला मजुरी ठरली 366 रुपये आणि खाड्याला 500, म्हणजे दुखणं परवडत नाही. भाचीने आईचा खाडा वाचवायला कोयता धरला आणि तिच्या स्वतःच्या हजेरीत पाच खाडे पडले. कॉलेजने तिला पत्र दिलं, त्यावर पालकांची सही आणायला सांगितलं. पालक कुठे आहेत हे त्या पत्राच्या नमुन्यात विचारलेलंच नाही. तिथे फक्त सहीची रेघ आहे.

आणि मुलींच्या बाबतीत गोष्ट हजेरीवर थांबत नाही, हे तुमच्यातल्या बायकांना सांगायला नको. तरणी मुलगी सुट्टीत गावात एकटी ठेवता येत नाही, फडावर कोपीला दार नसतं. मग नातेवाईक म्हणतात, उरकून टाका. कारखान्याच्या गेटवर बाहेरून येणाऱ्या उसाला गेटकेन म्हणतात. तसं घाईघाईत, फडावरच उरकलेल्या लग्नाला आमच्याकडे गेटकेन लग्न म्हणतात. आमच्यातली एक "उरलेली" तिसऱ्या वर्षी नाताळच्या सुट्टीत फडावर गेली. बाई आजारी होत्या, त्या सुट्टीत खोल्या उघडल्या नव्हत्या. जानेवारीत ती आली नाही. तिची बादली आणि दोरीवरचा टॉवेल मार्चपर्यंत तसाच होता. तिला गणितात आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त मार्क असायचे. तिची मोठी मुलगी आता अकरावीला आहे.

तुमच्या बाजूने जे बोललं जातं ते मला माहीत आहे, कारण चहाच्या टेबलावर ते ऐकलंय. पहिलं, सुरक्षा. रिकाम्या इमारतीत वीस-पंचवीस मुली, काही झालं तर जबाबदार कोण? प्रश्न बरोबर आहे. पण साहेब, गेटच्या आत एक पहारेकरीण आणि एक रेक्टर असणं धोक्याचं, आणि गेटच्या बाहेर स्टँडवर पेटी घेऊन बसणं सुरक्षित, हा हिशेब कसा लागतो? मुलगी बाहेर गेल्यावर तिचं काही झालं तर ते तुमच्या रजिस्टरात येत नाही एवढंच. सुरक्षा मुलीची की रजिस्टरची, ते एकदा ठरवा.

दुसरं, पैसे. भाचीला मी मुलींची मोजदाद करायला सांगितली. ज्यांचे आई-वडील हंगामात बाहेर असतात अशा तेवीस. हॉस्टेलवर साधारण एकशे चाळीस मुली. मेसचं बिल महिन्याला तीन हजार धरलं तर दिवसाला शंभर. तेवीस मुली, वीस दिवस, सेहेचाळीस हजार. ते बिल त्या भरणारच आहेत, फुकट कुणी मागत नाही. स्वयंपाकाच्या एका मावशीचे वीस दिवसांचे चौदा हजार, रात्रीच्या पहारेकरणीचे दहा हजार. म्हणजे संस्थेच्या खिशातून दिवाळीला जाणार चोवीस हजार, वर दिव्याचं-पाण्याचं बिल. नाताळची सुट्टी आठ-दहा दिवसांची, तिथे याच्या निम्मे. रोषणाईचा खर्च मी काढत नाही. नाताळाला चॅपेल उजळलेलं मलाही आवडतं.

तिसरं जे म्हणतात ते मला लागलं. "आपली संस्था अल्पसंख्याक आहे. आधी आपल्या समाजाची मुलं." घटनेच्या कलम 30 ने दिलेला तो हक्क आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण "आपल्या समाजाची" म्हणून ज्या मुली तुमच्या डोळ्यासमोर आहेत, त्यांच्यातली एक माझी रूम पार्टनर होती, नाटकातली ती मरिया. तिचं गाव नेवाशाकडचं. तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती, त्याआधी गावकुसाबाहेरचे. वडील वीटभट्टीवर. तिच्या वर्गातल्या बौद्ध मुलीला अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती मिळायची, हिला नाही, कारण 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जाती फक्त हिंदूंपुरत्या होत्या. 1956 ला शीख आले, 1990 ला बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेरच आहेत. महाराष्ट्रात अशा ख्रिस्ती मुलांना इतर मागास वर्गात धरतात. पुढे वसतिगृहाबाहेर राहणाऱ्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना आली, तीही या मुलींच्या वाट्याची नाही. म्हणजे तिच्यासाठी सरकारचं दार अर्धं बंद, आणि सुट्टीत तुमचं पूर्ण बंद. ती दिवाळीत कुठे जायची माहीत आहे? भट्टीवर. वीटभट्टीचा हंगामही तेव्हाच सुरू होतो. तर साहेब, "आपली" आणि "त्यांची" अशी वाटणी करायला गेलात तर कुलपाबाहेर दोघी एकाच गुलमोहराखाली सापडतील.

हॉस्टेलच्या व्हरांड्यात पंडिता रमाबाईंचा फोटो आहे. माझ्या वेळी होता, जूनमध्येही पाहिला, काच नवी घातलीय. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं ते विधवांसाठी, म्हणजे ज्यांना घर असून नव्हतं अशांसाठी. 1896 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायका त्यांनी आणल्या आणि केडगावच्या माळावर त्यांची सोय केली. जागा होती म्हणून आणल्या नाहीत. आणल्या, आणि मग जागा केली. मी कीर्तन करायला बसलेली नाही, पण त्या फोटोखालीच सुट्टीची नोटीस लावू नका, एवढी विनंती करते. दुसरी भिंत बघा.

दूरचं कशाला, इतरांनी काय केलं तेही बघा. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये 2003 पासून दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी वेगळं केंद्र आहे. तिथे मुलाला काय वाचता येत नाही इथून सुरुवात झाली, माहितीपत्रकापासून नाही. पुण्यातल्या स्पायसर या ख्रिस्ती कॉलेजची बेकरी मुलांच्या कामावर चालायची. काम करून फी भागवण्याची ती रीत तिथल्या शिक्षणाचाच भाग होती. ख्रिस्ती नसलेलं उदाहरण हवं असेल तर साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं आणि 1947 मध्ये कॉलेज काढलं तेही कमवा आणि शिका या पायावर. आधी वसतिगृह, मग कॉलेज. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. मूल आधी कुठेतरी निजलं पाहिजे, जेवलं पाहिजे, मग त्याला लॉगॅरिदम शिकवा. आपल्याच "उरलेल्या" मुलींना सुट्टीत ग्रंथालयाच्या पुस्तकांना कव्हरं घालायचं, प्रयोगशाळेच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायचं काम द्या, तासाचे पैसे द्या. कोयत्यापेक्षा ते हलकं आहे आणि त्यात खाडा कापला जात नाही.

समुपदेशनाविषयी थोडं लिहिते, कारण माहितीपत्रकात त्याला सगळ्यात मोठी जागा दिलीय. 25 जुलै 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, असं त्यात आहे. देशात 2022 या एका वर्षात 13,044 विद्यार्थ्यांनी जीव दिल्याची सरकारी नोंद आहे, त्यानंतरची ही पावलं. आपल्याकडे समुपदेशक आहेत, चांगल्या आहेत असं भाची सांगते. पण त्या येतात मंगळवारी 11 ते 1. त्या वेळी विज्ञानाच्या मुलींचं प्रॅक्टिकल असतं. खोलीला काच आहे आणि समोर कार्यालयाची रांग. आपण आत बसलोय हे अख्ख्या वर्गाला दिसतं. वेळ घ्यायची तर त्या कोडमधून, आणि तो अर्ज इंग्रजीत. मला सांगा, रात्री साडेअकराला, आईचा फोन लागत नाही म्हणून जिन्यात बसून रडणारी मुलगी इंग्रजीत अर्ज भरेल? भाची म्हणाली, त्यांच्या मजल्यावर सगळ्या एकमेकींना 14416 हा नंबर सांगतात. टेली-मानस, सरकारी, चोवीस तास, मराठीत बोलतात. चांगलं आहे. पण तो नंबर तुमच्या पत्रकावर का नाही, हेही मी विचारायला हवं होतं. शिपाई मामांना विचारून काय उपयोग.

आणि खरं सांगू, माझ्या तीन वर्षांत मला समुपदेशकाची गरज पडली ती फक्त सुट्टीत. अभ्यासाचं दडपण होतं, इंग्रजीची भीती होती, पैशाची ओढाताण होती, पण चार मुली बरोबर असल्या की ते निभायचं. सगळ्या निघून गेल्यावर रिकाम्या व्हरांड्यात पाण्याच्या टाकीचा आवाज यायला लागायचा, तेव्हा मन उठायचं. त्याच दिवसांत तुमचं साहाय्य केंद्रही बंद असतं.

मला हवं ते असं आहे. तळमजल्यावरच्या त्याच दोन खोल्या, किंवा तेवीस जणी मावतील तेवढ्या, दिवाळीत आणि नाताळात उघड्या ठेवायचा ठराव मंडळाने करावा. लेखी, म्हणजे कुणी निवृत्त झालं तरी तो राहील. कुणाला राहायचंय त्याची नोंद दसऱ्याच्या आधी घ्यावी, आणि नोंदीच्या अर्जात कारणाची जागा ठेवू नये. आई-बाप ऊस तोडतात हे कुणाला कागदावर लिहायला लावू नका, फक्त "राहणार" एवढी खूण पुरे. सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात अंतर्गत परीक्षा ठेवू नयेत. ठेवल्याच तर राहून गेलेल्यांची पुन्हा घ्यावी. समुपदेशकांची एक वेळ संध्याकाळी सहानंतर हॉस्टेलच्या आवारातच ठेवावी, बिनकाचेच्या खोलीत. आणि पालकांच्या सहीच्या पत्रावर एक ओळ घालावी: पालक सध्या कुठे आहेत?

पहिल्या वर्षीचे चोवीस हजार आम्ही माजी "उरलेल्या" मिळून भरतो. सात जणींशी माझं बोलणं झालंय. एक परिचारिका आहे, दोघी शिक्षिका, एक पोलिसात आहे. ती म्हणाली, पहारेकरणीचं माझ्यावर सोपव, मी दोन रात्री स्वतः येऊन झोपेन. एकीने तांदूळ द्यायचं कबूल केलंय, इंद्रायणी, स्वतःच्या शेतातला. देणगीची पावती नको, भिंतीवर नाव तर मुळीच नको. दुसऱ्या वर्षापासून तो खर्च संस्थेच्या अंदाजपत्रकात यावा, एवढी अट आहे.

बाई आता मुलाकडे पुण्याला असतात. त्यांना हे पत्र आधी वाचून दाखवलं. ओट्याखालच्या अंथरुणाचं काढून टाक म्हणाल्या, लोकांना वाटेल पोरीला जमिनीवर झोपवलं. मी काढलं नाही.

या वर्षीच्या सुट्टीच्या तारखा ऑगस्टअखेर ठरतील. टोळ्या दसऱ्यानंतर हलतात, त्यामुळे मुलींना त्याआधी घरी सांगता आलं पाहिजे की आम्ही इथेच राहतोय, काळजी करू नका. तेव्हा खोल्यांची किल्ली कुणाकडे असेल तेवढं सप्टेंबरात फळ्यावर लावा. मराठीत लावा.

आपली नम्र,
एक माजी विद्यार्थिनी
खोली नंबर 31, लेडीज हॉस्टेल